तंगूस

तिपाई कुडाळच्या यष्टीत राहिली,
मागच्या बाकाखाली, गोणपाटात गुंडाळलेली,
आणि मी निवतीच्या पुळणीवर उभी.
मच्छीमार सोसायटीच्या कॅलेंडरचा
मार्च महिना तेवढा काढायचा बाकी.

सूर्य बुडाल्यावर जो निळा उरतो
तो पाऊण तासही टिकत नाही.
त्या निळ्यात दूर खडकावरचा दिवा
आणि वर ओढून ठेवलेल्या होड्या,
एवढंच हवं होतं.
पण एवढ्याशा उजेडाला कॅमेऱ्याचा डोळा
तीस सेकंद उघडा ठेवावा लागतो.
माझे हात तीस सेकंद काय,
तीनसुद्धा गप्प बसत नाहीत.

आधी माडाला पाठ टेकली.
कोपरं फासळ्यांत रुतवली, श्वास अर्धा सोडला,
अर्धा धरून ठेवला,
तर छातीत कुणीतरी वल्हं मारत होतं.
त्या फोटोत दिवा नाहीच.
माझ्या नाडीची पिवळी नागमोड आहे.

मग होडीच्या काठावर ठेवला.
होडी कोरड्यावर, म्हटलं, ही कुठे जाणार आता.
आत एक पोरगं झोपलं होतं,
ते कुशीवर वळलं.

शेवंती केळुसकर सुकं आवरत होती.
"फोटो काढतंस काय कॅमेऱ्याक निजयतंस?"
असं म्हणत तिनं मिठाची पिशवी पुढे केली,
अर्धी भरलेली, जाडे खडे.
पिशवीत मुठीने खळी पाडली, कॅमेरा बसवला,
टायमर लावला,
आणि मधाच्या पोळ्यापासून सरावं
तशी मागे सरले.
बसला होता की चांगला!
पण हवा ओली, मीठ पाणी धरत होतं,
खडा खड्यावरून घसरत होता.
तीस सेकंदांत कॅमेऱ्याने
मुंगीएवढी मान खाली घातली
आणि दिव्याशेजारी
दुसरा एक उमटला, फिकट,
त्याची चुगली केल्यासारखा.

निळा आता शाईकडे चालला होता.

लवू खवणेकर मघापासून बघत होता,
दातात जाळ्याची सुई धरून.
उठला. इंजिनाच्या डब्यात हात घालून
बोल्ट काढत गेला. एक जाड, एक बारीक,
एकाचा आटा गेलेला.
चौथा कॅमेऱ्याच्या पोटात बरोब्बर बसला,
जिथे तिपाईचा स्क्रू जातो तिथे.
त्याला पुरुषभर तंगूस बांधलं,
उरलेलं दाताने तोडलं,
दुसरं टोक माझ्या चपलेखाली.
"आता वयर वड."

वर? मग तर जास्तच हलेल.

"नांगर टाकल्यार होडी कित्याक थांबता?
दोरी ताठ रवता म्हणान."

ओढलं.
खालून पुळण ओढत होती, वरून मी,
मधे ते न दिसणारं तंगूस
बोटाला कापत होतं.
हात थरथरायचे थांबले असं नाही,
थरथरायला जागाच उरली नाही त्यांना.

तरी तीस सेकंद जमणार नव्हते,
एवढं माझंही शिक्षण झालेलं.
चकती फिरवली. एक सेकंद.
फोटो रवाळ येईल, येऊ दे.
पण एका सेकंदात दिवा सापडायला हवा ना,
तो लागतो, विझतो,
आणि डोळा काचेला लावून
मला काही मोजता येईना.

लवू दिव्याकडे पाठ करून उभा होता.
विड्या शोधत होता खिशात.
ओठ हलत नव्हते, बोटं हलत नव्हती,
पन्नास वर्षं ज्याच्या अंगावर तो दिवा
लागला नि विझला
त्याला कसलं मोजणं.

"आता," म्हणाला.

आठवड्याने कुडाळ डेपोतून फोन आला:
"तीन पायांचा कायतरी गावलाहा, तुमचा काय?"
जाऊन आणली. बरी आहे, एक पाय जरा सैल.
बोल्ट मात्र मी परत केला नाही,
आणि लवूनेही मागितला नाही.

मार्च छापून आला.
दिवा एकच, टोकदार, जागच्या जागी.
बाकी सगळं वाळूसारखं रवाळ.
आणि डावीकडच्या होडीत, मला तेव्हा न दिसलेलं,
ते पोरगं उठून बसलंय,
थेट माझ्याकडे बघत,
अख्खा एक सेकंद
जराही न हलता.